तिकटीवरचा उतारा

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी माझे पुस्तक परत द्यायला आली. ती आता लोणावळ्यात मुलींच्या शाळेत शिकवते. नवरा देहूरोडला लष्कराच्या डेपोत कारकून आहे. लढाईमुळे त्याला रविवारही मिळत नाही, म्हणून ती एकटीच आली होती. पुस्तक तिने पिशवीतून काढले, पदराने पुसून माझ्या पुढ्यात ठेवले आणि मी न विचारताच म्हणाली, "मास्तर, पुस्तक चांगलं आहे. पटलंही सगळं. पण खरं सांगू का, मला काही वाटलंच नाही. कोरडी ती कोरडीच राहिले."

वीस वर्षांपूर्वी असे कुणी म्हटले असते तर मी त्याला फाडून खाल्ले असते. आता नुसते "असू दे" म्हटले आणि चहा टाकला. तुम्हाला यात एवढे काय सापडले, असे तिने दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी विषय बदलला. ती गेल्यावर पुस्तक फळीवर ठेवले, पण त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

या पुस्तकाचा आणि तिच्या घराचा काय संबंध आहे हे तिला ठाऊक नाही. तिच्या आजीला ठाऊक होते. आजी दोन वर्षांपूर्वी वारली, आणि तिने नातीला त्यातले काही सांगितलेले दिसत नाही. आता ते जाणणारा मी एकटा उरलो आहे. तोंडाने सांगायची छाती होत नाही, म्हणून लिहितो.

पुस्तकाचे नाव मी देत नाही. नाव दिले की लोक पुस्तकाची बाजू घेऊन भांडायला येतात, आणि माझे भांडण पुस्तकाशी नाहीच. माझे वडील वारले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. सहा महिने मी कुणाशी धड बोललो नाही, आईशीसुद्धा नाही. मग लोणावळ्याला हवेसाठी येऊन राहिलेल्या एका पेन्शनर मुन्सफांनी ते माझ्या हातात ठेवले. आपल्याजवळचे माणूस हे आपल्याकडे ठेवायला दिलेले असते, देणारा मागायला आला की मूठ उघडावी, अशा अर्थाचे त्यात पुष्कळ होते, आणि फार गोड भाषेत होते. मी ते वाचून ढसाढसा रडलो आणि दुसऱ्या दिवशी दाढी करून नोकरीचा अर्ज लिहिला. असे पुस्तक आयुष्यात आले की माणूस त्याचा भक्त होतो, आणि भक्त झाला की इतरांना पिडू लागतो. माझेही तेच झाले.

नोकरी लागली ती कार्ल्याच्या डोंगराखालच्या एका गावात. शाळा म्हणजे एक खण आणि त्यामागे माझी खोली. समोर वाटेपलीकडे मावशीचे घर. ती माझी नात्याने कोणी नव्हे. गावात सगळे मावशी म्हणत म्हणून मीही म्हणू लागलो. नवरा प्लेगात गेलेला, भातशेती दीर बघायचा. घरात ती आणि दीर-जाऊ. एकुलती एक लेक खाली कामशेतच्या बाजूला दिलेली. माझ्या दुपारच्या भाकरीची सोय मावशीने पहिल्याच आठवड्यात आपण होऊन केली. वयाने ती माझ्या आईपेक्षा लहान असेल, पण मला अहो-जाहो करायची आणि मी खोलीत वाचत बसलो की वाटेवरून जातानाही आवाज न करता जायची. अक्षर येणाऱ्या माणसाबद्दल तिला जो आदर होता तो मला तेव्हा अगदी योग्य वाटे.

दर रविवारी मी मळवलीहून गाडीने लोणावळ्याला जात असे. मुन्सफांच्या बंगल्यात आम्ही पाच-सहा जण त्या पुस्तकाचे एकेक प्रकरण वाचत असू. चहा, चिवडा आणि वैराग्य असा थाट असे. एका रविवारी मुन्सफांनी प्रश्न टाकला की इतके सुंदर पुस्तक काही माणसांना अजिबात का भिडत नाही? त्यांच्या घरचीच पंचाईत होती. त्यांच्या बायकोने ते अर्धे वाचून कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली सारले होते. पुढच्या रविवारी ज्याने त्याने उत्तर आणायचे ठरले. मी आठवडाभर दुसरा विचार केला नाही.

त्याच आठवड्यात मावशीची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती ती बाळंत झाली. मुलगी झाली. पाचव्या दिवशी पाचवी पुजली, गावच्या बायका येऊन गेल्या, मलाही घुगऱ्या आल्या. सहावा दिवस रविवार होता.

त्या सकाळी मी धुतलेला सदरा घालून, उत्तराचा कागद खिशात ठेवून निघण्याच्या बेतात होतो, तर मावशी दारात उभी. लेकीला रात्रीपासून ताप भरला आहे, अंग भाजते आहे, बडबडते आहे, असे तिने सांगितले. मग हळूच विचारले, "गाडी जुपू का मास्तर? लोनावळ्याला दवाखान्यात न्हिऊ का? तुमी सांगाल तसं करते."

हे वाक्य मी गेली वीस-बावीस वर्षे रोज ऐकतो आहे. त्या दिवशी मात्र मी ते अर्धवटच ऐकले. मला गाडीची घाई होती. बाळंतिणीच्या तापात पुरुषाने काय बोलायचे, असाही एक संकोच होता. आणि खरे सांगायचे तर मला एक संधी दिसली. घाबरलेल्या माणसाला धीर देणारे एक पान त्या पुस्तकात होते. चांगल्या मजकुराचे उतारे अर्ध्या तावावर उतरवून लोकांना वाटायची मला खोडच होती. शाळेत तर 'उतारा लिहा' हा शब्द दिवसातून वीसदा माझ्या तोंडी. मी उभ्याउभ्याच आठ-दहा ओळी उतरवल्या आणि कागद तिच्या हातात दिला. लेक लग्नाआधी दोन इयत्ता शिकलेली होती, तिला वाचता येत होते. म्हणून म्हटले, "हा उतारा घ्या. लेकीला म्हणावं, यावरून नुसती नजर फिरव. बरं वाटेल. आधी हे करा, मग बघू."

मावशीने कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि गेली. तिने कागद कपाळाला लावला याचे मला कौतुक वाटले. स्टेशनपर्यंत मी जवळजवळ पळतच गेलो.

शब्दाला किती घरे असतात हे मुलांना शिकवणारा मी. पुस्तकातला तो उतारा, तलाठ्याच्या दप्तरातला तो उतारा, विषावर देतात तोही उताराच. आणि मावळात घरोघर ज्याला उतारा म्हणतात तो वेगळाच. दुखणाईत माणसावरून भात, लिंबू, हळदकुंकू ओवाळून तिन्हीसांजेला तिकटीवर, म्हणजे तीन वाटा मिळतात तिथे, नेऊन ठेवायचे आणि मागे वळून न बघता घरी यायचे. दृष्ट त्यात उतरते, बाधा त्यात जाते. आदल्या दिवशी पाचवीला गावभरच्या बायका येऊन गेलेल्या. दुसऱ्या दिवशी पोरीला ताप. आणि मास्तर म्हणतात नजर, मास्तर म्हणतात उतारा, मास्तर म्हणतात बरं वाटेल, आधी हे करा. मावशीने यातून जे ऐकले तेच कुणीही ऐकले असते.

लोणावळ्याला माझे उत्तर फार गाजले. पुस्तकाला तयार जमीन लागते, कातळावर भाताची रोपे लावून रोपांना दोष देण्यात अर्थ नाही, असे मी म्हटले. मुन्सफांनी मान डोलावली. पुढे बढाई म्हणून मी हेही सांगितले की आजच एका अडाणी शेतकरणीच्या घरी मी यातला उतारा देऊन आलो आहे; बघू या, जमीन कशी आहे ते. रात्री तिथेच राहिलो.

सोमवारी सकाळी मळवलीहून चालत येताना गावाबाहेरच्या तिकटीवर मला माझे अक्षर दिसले. पत्रावळीवर भाताची मूद, वर कापलेले लिंबू, आणि भाताखाली घडी करून ठेवलेला माझा अर्धा ताव. कुंकू ओले होऊन शाईत उतरले होते आणि मुंग्या लागल्या होत्या. वरची एक ओळ तेवढी वाचता येत होती.

त्या वेळी मला काय वाटावे? दुःख नाही, काळजी नाही. मला राग आला. ज्या शब्दांनी मला उभे केले ते शब्द हिने मुंग्यांना घातले, एवढेच माझ्या डोक्यात होते. झाला प्रकार मला त्याच क्षणी कळला होता. मावशीची चूक कळली, तिने कागदाचे काय मानले ते कळले. तिथून तिचे घर शंभर पावलांवर होते. जाऊन नुसते सांगायचे होते की मावशी, हा तसला उतारा नव्हे, पोरीला दवाखान्यात न्या. मी गेलो नाही. सरळ शाळेत गेलो आणि मुलांना शुद्धलेखन घातले. दुपारी मावशीची जाऊ भाकरी घेऊन आली, तर भूक नाही म्हणून मी ती परत पाठवली. लेकीचे कसे आहे, हे मी विचारले नाही. संध्याकाळी समोरच्या घरातून बाळाचे रडणे बराच वेळ ऐकू येत होते. मी खोलीत रुसून बसलो होतो.

मंगळवारी उजाडता उजाडता मावशीची लेक गेली.

नेली असती तर वाचली असती का, हे कुणी सांगावे. त्या काळी तसल्या तापातून दवाखान्यातूनही बायका परत येत नसत. या विचारावर मी पुष्कळ वर्षे झोप मिळवली. शिवाय, मावशी माझ्या कागदामुळे थांबली असेल हे मी स्वतःशी कधी पुरते बोललोच नाही. गाव आडबाजूचे, लोक उशीर करतात, असे म्हणून मी त्यावरून पुढे जात असे.

दहाव्यानंतर मी पुस्तक घेऊन मावशीकडे गेलो. याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते. ती ओटीवर नातीला मांडीवर घेऊन बसली होती. मी दोन पाने वाचली. ठेवायला दिलेले, परत मागणारा, उघडी मूठ. ती ऐकत होती, म्हणजे माझ्या तोंडाकडे बघत होती. मी थांबल्यावर तिने विचारले, "मास्तर, शेळीचं दूद पचंल का हिला? का पानी घालू त्यात?" मी पुस्तक मिटून उठलो. घरी येऊन मी मनाशी म्हटले, नाही भिडले. कातळच.

आज मला वाटते की त्या दिवशी पुस्तक काय आणि तिचे मन काय, दोन्ही आपापल्या जागी ठीक होते. मी वेळ चुकवली होती. मला ते पुस्तक मिळाले तेव्हा माझे वडील जाऊन सहा महिने झाले होते. जे व्हायचे ते होऊन गेलेले होते, आणि होऊन गेलेल्या गोष्टीला चांगले शब्द लागत होते. मावशीने मला विचारले तेव्हा तिची लेक जिवंत होती. तिला मूठ उघडायची नव्हती, घट्ट धरायची होती. आणि नंतर गेलो तेव्हा तिच्या मुठीत दुसरा जीव होता, त्याला दूध पाहिजे होते. तिला हात रिकामा मिळालाच नाही. ज्यांचा हात असा गुंतलेला असतो त्यांना ते पुस्तक थंड लागते, आणि लागावेच. हे उत्तर सांगायला मुन्सफ आता राहिले नाहीत.

जावयाने दुसरे लग्न केले. नात आजोळीच वाढली. माझ्या मधे दोन बदल्या झाल्या आणि मी फिरून त्याच शाळेवर आलो, तेव्हा ती चौथीत होती. हुशार, हट्टी, हिशेबात कच्ची, वाचनात पुढे. मावशीचे केस पांढरे झाले होते. माझी भाकरी तिने विचारल्याशिवाय पुन्हा सुरू केली. लेकीचा विषय आमच्यात कधी निघत नसे. कधीमधी मला वाटे, विसरली असेल.

भाद्रपदात मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी मधल्या सुटीत मावशी शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. मुले बाहेर खेळत होती. पोरीला ताप आहे, उतरत नाही, असे तिने सांगितले. मी दवाखान्याचे बोलणार, तोच तिने पदराखालून एक कोरा कागद काढला. घडी करकरीत होती. नातीच्याच वहीतला असावा.

"मास्तर, उतारा लिवून द्या," ती म्हणाली. "या टायमाला मी चुकनार न्हाई."

मला काही कळेना. काय चुकणार नाही, असे मी विचारले.

"त्या टायमाला मी मागं वळून बगितलं व्हतं." ती खाली पायरीकडे बघत बोलत होती. "तिकटीवर ठिवला आन निघाले, तर घरातनं आये म्हनून हाक आली. दोन पावलं झाली नसतील. मी वळले. कुनाला सांगितलं न्हाई. तुमचा उतारा फुकट घालवला मी. माज्या हातनं गेली ती."

दहा वर्षे तिने हे पदराशी बांधून ठेवले होते. मी गावात असेन तेव्हा ती मला भाकरी देत होती, आणि माझ्याकडे बघून तिला रोज वाटत होते की आपण मास्तरांचा उतारा वाया घालवला. खोटे बोलणे सोपे होते. कागदावर काहीबाही खरडून तिच्या हाती दिले असते तर ती गेली असती, आणि मी तिच्या लेखी मास्तरच राहिलो असतो. पण समोर पुन्हा ताप होता, आणि बोलल्याशिवाय ती गाडी जुंपणार नव्हती.

मी तिला सगळे सांगितले. तो ओवाळायचा उतारा नव्हता. पुस्तकातल्या आठ-दहा ओळी होत्या, लेकीने वाचायच्या म्हणून दिल्या होत्या, मनाला धीर यावा एवढ्यासाठी. त्या ओळींनी ताप उतरत नसतो. तुम्ही वळलात म्हणून काही झाले नाही. हाक आल्यावर कोणती आई वळणार नाही. मनात कुठेतरी मला वाटत होते की आता हिच्या छातीवरचा धोंडा उतरेल.

तिने हातातला कागद उलगडून दोन्ही बाजूंनी पाहिला. मग तिने विचारले, "म्हंजी त्यात गुन नव्हता?"

"नव्हता."

"आन मी त्यो तिकटीवर ठिवला, ह्ये तुमाला कवा कळलं?"

मी म्हटले, दुसऱ्या दिवशी सकाळी. स्टेशनावरून येताना दिसला होता.

मावशीने मान वर केली. माझ्याकडे तिने असे सरळ कधी पाहिले नव्हते. आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आले नाही.

"तवा ती जित्ती व्हती, मास्तर," ती म्हणाली. "बैलं दावनीलाच व्हती."

कोरा कागद तिने पुन्हा चार घड्या करून पदराखाली ठेवला आणि निघाली. मी शाळा तशीच टाकून तिच्यामागे गेलो. दिराला शेतातून बोलावले, बैल जुंपले, गाडीत गवत आणि वाकळ घातली. पोरीला मीच उचलून ठेवले. तिचे अंग माझ्या हाताला भाजत होते. मुदतीचा ताप निघाला. तीन आठवडे ती लोणावळ्याच्या दवाखान्यात होती आणि वाचली; पुस्तक परत द्यायला आली ती हीच. भाकरी त्या दिवसापासून बंद झाली. दिवाळीला मात्र आंबेमोहराची एक पिशवी दरवर्षी येत राहिली, नातीच्या हाती. मावशी पुन्हा शाळेच्या पायरीशी आली नाही.

त्या दुपारी गाडी तिकटीवरून लोणावळ्याच्या वाटेला लागली, तेव्हा मावशी पोरीचे डोके मांडीवर घेऊन पुढे तोंड करून बसली होती आणि मी गाडीमागून चालत होतो. सडक लागेपर्यंत येतो म्हणून मी दोनदा हाक मारली, पाणी हवे का म्हणून एकदा. दीर वळून बोलला. मावशीने वाटभर एकदाही मागे वळून पाहिले नाही.